उमल खिंडीतली गाठ

उमल खिंड, बर्फतोडीचा तळ
वितळ महिना, नववा दिवस

ताई,

थोरल्या हातांचा मुजरा, लहान हातांची मिठी.

मी आजारी नाही, प्यालेलो नाही आणि बर्फावर फार राहून माझं डोकंही फिरलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तू पहिल्यांदा हेच म्हणशील.

सेनापती गोर्तानांच्या हुकमाप्रमाणे आम्ही निराकांच्या मुलखाकडे जाणारा फौजेचा रस्ता खिंडीतून कोरतोय. यंदा वितळ लवकर आली. परवा कड्याखालचा बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि आत माणसं दिसली. बसलेली, ओळीने. लाल पट्ट्यांनी लहान हात छातीशी बांधलेले, माना ताठ. माझ्या माणसांनी घण टाकले आणि गुडघे टेकले. मीही टेकले. अश्काराची तुकडी! जिची गोष्ट आपण पाळण्यापासून ऐकली, जी तू दरवर्षी चौथऱ्यावरून सांगतेस, ती माझ्यासमोर होती. मानेचे खवले असे उभे राहिले की दुपारपर्यंत बसेनात.

मग थोरला सूर्य वर आला आणि बर्फातून आरपार दिसायला लागलं.

ताई, त्यांच्या प्रत्येकाच्या मागे आणखी एक माणूस आहे. निराक. निळा पट्टा, कपाळावर गोंदण, शंकेला जागाच नाही. तो पुढच्याच्या पाठीला छाती लावून बसलाय. दोघांवर मिळून एकच झगा, आपल्या तोरुखांचा. मागच्याचे लहान हात पुढच्याच्या कमरेवरून समोर आलेत आणि पुढच्याच्या लहान हातांना बांधलेत. लाल पट्टा आणि निळा पट्टा, एका गाठीत. खालून, आपल्या बाजूने बघितलं तर झग्यामुळे एकच योद्धा दिसतो, हात छातीशी बांधलेला. बाजूला जाऊन बघितलं की दोघं दिसतात.

एकाच्याही अंगावर जखम नाही. मी दिवसभर शोधली. भाले आणि कुऱ्हाडी पलीकडच्या कपारीत रचून ठेवल्यात, दोन्हीकडच्या, सरपणाच्या मोळीसारख्या.

या खिंडीत वारा निराकांच्या बाजूने येतो. आज, हे लिहितानाही येतोय. निराक वाऱ्याकडे पाठ करून बसले होते. आपली माणसं त्यांच्या आडोशाला होती.

हे लढून मेले नाहीत, ताई. वादळात सापडले, एकमेकांना ऊब देत बसले आणि गोठले.

मला फार बोलता येत नाही, ते तुझं काम. मला एवढंच मागायचं आहे. गाठबांधणीचा उत्सव महिन्याच्या अखेरीला आहे आणि यंदा माझ्या इमरूचं नाव आहे. तिचे लहान हात बांधू नकोस. एक वर्ष थांब. आजाराचं कारण सांग, माझं कारण सांग, काहीही सांग. तिच्या आईचे हात बांधलेलेच होते. इमरू जन्मली तेव्हा तान्ही लहान तळव्यांची ऊब शोधत रडायची आणि तिची आई मान फिरवून बसायची. मग ती निराकांच्या भाल्याखाली गेली आणि मी पोर तुझ्याकडे ठेवून बर्फावर आलो. ते हात एकदा वाळले की वाळले. आणि बांधल्यानंतर तिला मी कोरलेल्या याच रस्त्याने लढाईवर पाठवतील.

लहान हातांची मिठी.
तुझा तुवेक

•

तोरुखगड, कथेकरीचा वाडा
वितळ महिना, चौदावा दिवस

तुवेक,

थोरल्या हातांचा मुजरा. दुसरं काही माझ्याकडे नाही, ते मी खिंडीला दिलंय. लेखनिक बुराखला सांगितलंय, मी बोलते ते शब्दन् शब्द लिही, गुळगुळीत करू नकोस.

तू गाढव आहेस! नेहमीच होतास. लहानपणी छाती कमकुवत म्हणून तुझे हात बांधले नाहीत, तेव्हा आई रडली होती. मी म्हटलं होतं, राहू दे, घरात एक तरी लिहिणारा लहान हात असू दे. त्या हाताने तू हे लिहिलंस?

डोळ्यांनी बघितलंस म्हणतोस. डोळे काय, बर्फात स्वतःचंच तोंड बघून हरखतात! निराक शतकानुशतकं आपल्या गोष्टीवर जळतात. कारण काय? त्यांच्याकडे गड आहेत, धान्य आहे, पण अश्कारा नाही. दयेला हात नसावेत म्हणून स्वतःचे लहान हात छातीशी बांधून घेणारी, होल्मिरसारख्या त्यांच्या सरदाराला उभ्या खिंडीत लोळवणारी आणि मग ताठ मानेने गोठणारी बाई त्यांच्या सात पिढ्यांत झाली नाही. म्हणून त्यांनी कधीतरी येऊन आपली प्रेतं उकरली, मागे स्वतःची खोचली, पट्टे गुंतवले. आणि आता युद्धाच्या तोंडावर ते बरोब्बर तुझ्या घणाखाली सापडलं. वा रे योगायोग!

(लेखनिकाची टीप: बाईंनी इथे थोरला हात मेजावर आपटला. शाई सांडली, माफी असावी.)

आणि तुझी मागणी. अरे, इमरूला विचारलंस? ती रोज पहाटे लहान हातांना चरबी चोळते, गाठ मऊ बसावी म्हणून. परवा आरशासमोर उभी राहून पट्टा नुसता गुंडाळून बघत होती. मला बघून म्हणाली, "आत्या, मी आईसारखी दिसते ना?" या पोरीला मी काय सांगू? तुझ्या बापाला बर्फात भुतं दिसली म्हणून घरी बस?

हात वाळतात, म्हणतोस. वाळतात! माझे वाळले. पहिल्या हिवाळ्यात इतके ठणकायचे की मी उशी चावून फाडली. त्याच्या मोबदल्यात मला काय मिळालं? मी चौथऱ्यावर उभी राहिले की अख्खा गड श्वास रोखतो. माझ्या एका वाक्यावर भेकड माणूस ताठ उभा राहतो. आपण मूठभर, निराक अफाट, तरी आपण अजून आहोत. कशाच्या जोरावर? भाल्यांच्या? भाले त्यांच्याकडे जास्त आहेत. आपण एका गोष्टीच्या जोरावर जगलो, तुवेक. तीच तू माझ्या हातून काढून घ्यायला निघालास.

मी तुझं पत्र गोर्तानांना दाखवलं. घाबरू नकोस, तुझ्यावर राग नाही त्यांचा. मीच म्हटलं, जाणकार माणसं पाठवा, तपासा आणि निराकांचं कपट साऱ्या गडासमोर उघडं करा. ते म्हणाले, "लगेच पाठवतो." बघ, सत्याला भिणारी माणसं अशी नसतात.

शेवाळाच्या वड्या पाठवतेय. नीट खात जा, म्हणजे भुतं दिसणार नाहीत.

थोरल्या हातांचा मुजरा.
ओझेरा

•

उमल खिंड
वितळ महिना, विसावा दिवस

ताई,

लहान हातांची मिठी. मुजरा आज माझ्याने होत नाही.

तुझी जाणकार माणसं आली. त्यांच्याकडे दिवे नव्हते, दोऱ्या नव्हत्या, मोजायचं काही नव्हतं. तेलाचे बुधले होते.

मी त्यांच्या नायकाला म्हटलं, "आधी बघून तरी घ्या. कथेकरीबाईंनी तपासायला पाठवलंय तुम्हाला."

तो म्हणाला, "आम्हाला पाठवलंय ते सेनापतींनी. आणि बघायला काही शिल्लक ठेवायचं नाही, असंच सांगितलंय."

"त्यात अश्कारा आहे रे! तुझ्या आजीच्या आजीने जिची शपथ घेतली ती!"

"म्हणून तर," तो म्हणाला. त्याचे खवलेही उभे होते. पण तो थांबला नाही.

मी त्यांच्यामध्ये उभा राहिलो. मला बाजूला केलं. मारलं नाही फार, एक बरगडी दुखतेय. आपली माणसं, आपल्याच हातांनी, आपल्याच वीरांवर तेल ओतत होती. माझे बर्फतोडे कान झाकून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. ताई, कुठल्या शत्रूने आजवर हे केलं नव्हतं.

आग लावायच्या आधी मी धावत जाऊन अश्काराजवळ पोचलो आणि तिच्यावरचा बर्फ घणाने फोडला. तिची ओळख पटायला काय लागतं, डाव्या शिंगाचं तुटलेलं टोक तू दरवर्षी सांगतेस. तिच्या मागे होल्मिर होता. तू ज्याला खिंडीत लोळवतेस तोच, गळ्यात सरदाराची हाडांची माळ. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर टेकलेली होती, झोपलेल्या माणसाची टेकते तशी. आणि तिचा एक लहान तळवा गाठीतून निसटून त्याच्या तळव्यात गेला होता. बोटांत बोटं होती. कुणी मागाहून खोचलं म्हणालीस ना? गोठलेली बोटं अशी गुंफता येत नाहीत. मोडतात. मला माहीत आहे, मी मोडली. ती गाठ न उकलता काढून घेताना मला दोघांचीही बोटं मोडावी लागली. तो आवाज कानातून जात नाही.

ती गाठ पाठवतोय. मीठ नेणाऱ्या हेम्राबाईच्या टोपलीत, चरबीच्या गोळ्यात दडवली आहे. बुराखसमोर फोडू नकोस. सोडवू नकोस. नुसती बघ. आपल्या गडावर गाठीतलं तुझ्याइतकं कुणाला कळतं? मी सांगत नाही काय ते. तूच सांग मला.

आणखी एक. त्यांनी दिसलं तेवढं जाळलं. बर्फ खूप जाड आहे. आगीने पुढची भिंत वितळली, तशा मागे आणखी सावल्या दिसल्या, दिव्याचा उजेड पोचतो तिथवर. जोडीजोडीने. त्या माणसांना धुरात दिसल्या नाहीत आणि मी दाखवल्या नाहीत.

इमरूचं काय ठरवलंस?

तुवेक

•

तोरुखगड
वितळ महिना, सत्ताविसावा दिवस

तुवेक,

बुराखला शपथ घालून लिहायला बसवलंय. तो रडतोय, मी बोलतेय. माझं रडणं कुठे गेलं, कळत नाही.

गाठ मिळाली.

मी तिला तबकात ठेवून दिवसभर बघत बसले. आपली गाठ उजवीकडून वळते, हे तान्ह्या पोरालाही माहीत आहे. निराकांची डावीकडून, कैद्यांचे पट्टे मी पाहिलेत. या गाठीत लाल पट्टा उजवीकडून वळलाय आणि निळा डावीकडून. एकाने दुसऱ्याला बांधलं असतं, तर दोन्ही वळणं एकीकडची असती. मेलेल्याला कुणी बांधलं असतं, तरी एकीकडचीच. शिवाय लाल फास निळ्यातून गेल्याशिवाय निळा ओढताच येत नाही आणि निळा धरल्याशिवाय लाल आवळत नाही. मी पट्टे घेऊन बसले, थोरल्या हातांनी, दातांनी, हवं ते केलं. एकट्याने ही गाठ पडत नाही, तुवेक! दोघांनी मिळून, एकाच वेळी, जिवंत लहान हातांनी बांधावी लागते. तू चार ओळींत जे सांगितलंस आणि मी पानभर ओरडून जे झटकलं, ते त्या दोन वळणांत आहे.

मग बाकीचंही कळलं. वसंतात शोधायला गेलेली आपली माणसं खालून चढली असतील. बर्फातून त्यांना आपले योद्धे दिसले, छातीशी पट्ट्यात गुंतलेले हात दिसले. बाजूला जाऊन कुणी बघितलं नाही. त्यांनी विचार केला, हात बांधून घेतले होते, म्हणजे तेच शौर्याचं कारण असणार. घरी आले आणि त्यांनी आपल्या पोरांचे हात बांधले. इतकंच. इतक्यासाठी माझे हात गेले. तुझ्या बायकोने आपल्या पोरीला कधी लहान हातांत घेतलं नाही, ते इतक्यासाठी.

मी गोर्तानांकडे गेले. गाठ पदरात होती, दाखवली नाही. विचारलं, "जाणकार पाठवणार होता, तेल का पाठवलंत?"

ते कंद सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ओझेराबाई, समजा तुमच्या भावाने बघितलं ते खरं. मग?"

"मग? अहो, मग आपण काय करतोय हे?"

"तेच, जे काल करत होतो. पोरं गोष्टीवर लढतात, प्रेतांवर लढत नाहीत. प्रेतं गोष्टीच्या आड आली, ती मी हलवली."

"ती अश्कारा होती!"

"अश्कारा तुमच्या तोंडात आहे, बाई. बर्फात होती ती कुणीतरी गारठलेली बाई." मग माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही तरी कधी खिंडीत जाऊन बघितलं होतं? इतकी वर्षं सांगताय, गरज पडली का?"

मी गाठ तशीच पदरात घेऊन परत फिरले.

त्यांना तुझं पत्र मी दिलं होतं. तेल मीच ओतलं, तुवेक. बुधले त्यांचे होते.

उत्सव परवा आहे. नियम तुला माहीत आहे, कथेकरीने खिंडीची गोष्ट सांगितल्याशिवाय एकही गाठ बांधायची नाही आणि गाठ बांधल्याशिवाय कुणी लढाईवर निघायचं नाही. कथेकरी मी आहे, मरेपर्यंत. दरवर्षीसारखा एक निराक ओलीस चौथऱ्याखाली उभा करतील, निराकांची हार ऐकायला. यंदा पेसोल नावाचा म्हातारा आहे, दातपडका. इमरू पहिल्या रांगेत असेल. मी तिच्याशी बोलायला गेले, तर ती म्हणाली, "आत्या, उद्या बोल. आज मला रडायचं नाहीये." तिला वाटलं, मी आनंदाने हुंदके देतेय.

मी काय करीन ते मला माहीत नाही. खोटं सांगितलं तर पोर जाईल. खरं सांगितलं तर गडाचा कणा जाईल. हे दोन्ही खरं आहे आणि माझ्याकडे एकच तोंड आहे.

थोरल्या हातांचा मुजरा.
ओझेरा

•

तोरुखगड
फूल महिना, दुसरा दिवस

बाबा,

हे पत्र मी स्वतः लिहितेय, माझ्या लहान हातांनी, कारण ते अजून मोकळे आहेत. त्याचं श्रेय तुम्हा दोघांना आणि मला तुम्हा दोघांचा भयंकर राग आलाय.

आत्याने काय केलं ते ऐका. गावभर हजार प्रकारे सांगतायत, मी पहिल्या रांगेतून बघितलंय.

आम्ही सगळ्या अंगाला राख फासून उभ्या होतो. हातांना तेल, समोर लाल पट्टे घडी घालून ठेवलेले. चौथऱ्याखाली तो म्हातारा निराक. आत्या वर चढली. ती नेहमीसारखी "ऐका, हाडांनो!" म्हणाली आणि थांबली. थांबलीच. लोकांना वाटलं विसरली. मागून कुणीतरी ओरडलं, "वादळाची पहाट होती, बाई!" दुसरा म्हणाला, "अहो, म्हातारी झाली, तिला पाणी द्या!" लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्या म्हणाली, "वादळाची पहाट होती, एवढं मला माहीत आहे. पुढचं मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

कुणी हसलं नाही मग.

तिने मान खाली घालून छातीवरची स्वतःची गाठ दातात धरली आणि ओढली. बाबा, बायका किंचाळल्या. हेम्रामावशीने डोळे झाकले. कुणा योद्ध्याचे सुटलेले हात आम्ही कधी बघितले होते? माणूस चितेवर जातो तरी पट्टा असतो. ते खाली लोंबले. वाळलेल्या शेंगांसारखे. काळे, वळलेले, पट्ट्याचे वळ खोल रुतलेले. आत्याचे. माझ्या आत्याचे! मी रोज जिच्या शेजारी जेवते तिचे. मला कधी माहीतच नव्हतं की त्या पट्ट्याखाली असं असतं.

सेनापती ओरडले, "तिला खाली आणा!" पण ती स्वतःच उतरत होती. त्या निराकासमोर गेली, पदरातून कसलीशी जुनी, लाल-निळी गाठ काढली आणि त्याला दाखवली.

तो म्हणाला, "कापणार आहेस का मला?"

"नाही. हात दे. लहान."

"कशाला?"

"ही गाठ तुला येते?"

त्याने बघितली आणि म्हाताऱ्याचा चेहरा एकदम घरातल्यासारखा झाला. म्हणाला, "ही? ही आमच्यात पोरांनापण येते. बर्फवादळात कुणी हरवू नये म्हणून बांधतात. पण तू लाल बाजू उलटी धरलीयेस, बाई."

"मी धरलेली नाही. अश्काराने धरलीय," आत्या म्हणाली. "तुझी बाजू तू बांध."

त्यांनी बांधली. आत्याची बोटं वळतच नव्हती, अर्धं काम त्यानेच केलं. मग ती आमच्याकडे वळून बोलायला लागली. तुमचं पत्र, होल्मिर, वारा, तेलाचे बुधले, सगळं. गोर्तानांचं नाव घेऊन. एकाने दगड मारला, तो तिच्या कपाळाला लागला. दुसरा त्या पेसोलने थोरल्या हाताने अडवला. अडवून ओशाळला, कारण ओलिसाने हात उचलायचा नसतो.

सेनापती म्हणाले, "सोडा ती गाठ, तोडा!" तेव्हा गाठींचा रखवालदार, तो अर्धबहिरा ओस्मेल, पुढे आला. म्हणाला, "चौथऱ्यासमोर बांधलेली गाठ पुढच्या उत्सवापर्यंत कुणी सोडत नाही, साहेब. नियम तुम्हीच वाचून दाखवता दरवर्षी." लोक कुजबुजायला लागले.

मग सेनापतींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "कथेकरीच्या घरातली आहे ही. हिला पाठ आहे. पोरी, तू सांग गोष्ट."

मला पाठ आहेच, बाबा. मी चढले. आत्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी वादळ सांगितलं, निराकांची फौज सांगितली, लोक माझ्याबरोबर पुटपुटायला लागले, फार छान वाटत होतं. मग ते वाक्य आलं. "त्यांनी लहान हात छातीशी बांधले, कारण दयेला हात नसावेत." तोंड उघडलं आणि खाली त्या काळ्या शेंगा दिसल्या. त्या हलत होत्या. आत्या काही करत नव्हती, त्या आपोआप माझ्याकडे उघडत होत्या. तान्ह्याला घेण्यासाठी उघडतात तशा.

मी गप्प झाले. घाबरून नाही, हे लक्षात ठेवा. मी खाली उतरले, माझा पट्टा उचलला, कमरेला गुंडाळला आणि सेनापतींना म्हटलं, "मी आधी बघून येते."

ते म्हणाले, "बघायला काही नाही उरलेलं."

मी म्हटलं, "मग जायला काय हरकत आहे?"

माझ्यामागे आणखी काही जणींनी पट्टे उचलले. काहीजणी माझ्या तोंडावर थुंकल्या. कुणाचीही गाठ बांधली गेली नाही.

मी येतेय. तुम्ही खोटं लिहिलं असेल, तर मी परत येऊन स्वतःच्या हातांनी पट्टा बांधीन आणि पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही.

इमरू

•

तोरुखगड
फूल महिना, सातवा दिवस

तुवेक,

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. बुराखला आज सुट्टी. लेखणी माझ्या लहान हातात आहे आणि तो हात पेसोलच्या हाताला बांधलेला आहे, त्यामुळे मी एक ओळ ओढली की तो म्हातारा अर्धा वाकतो. मघाशी म्हणाला, "कथेकरीबाई, मोठी पत्रं लिहायची सवय सोडा." माझी बोटं वाळली आहेत, उघडतात पण मिटत नाहीत. लेखणी धरायची तर त्याला माझी बोटं बाहेरून दाबावी लागतात. म्हणजे हे पत्र एका निराकाच्या मदतीने लिहिलंय, हे ध्यानात ठेवून वाच. रात्री तो घोरतो. एक वर्ष घोरणार आहे.

वाड्यावर शेण फेकतात, रोज. रस्त्यात लोक मला बघून तोंड फिरवतात. ज्यांच्यासाठी घसा फोडला तेच. काल एक योद्धा मागच्या दाराने आला, गोर्तानच्या खास पथकातला. बसला. मग विचारलं, "सोडल्यावर दुखतं का?" मी म्हटलं, "फार." गाठ सोडली नाही त्याने. पण विचारून गेला.

गडाचा कणा मोडेल असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. गोर्तान दुसरी गोष्ट शोधत असेल, त्याला मिळेलही. मला एवढंच माहीत आहे की यंदा तुझ्या रस्त्यावरून फौज जाणार नाही. त्या रस्त्याने एक पोर येतेय, रागाने लाल झालेली, आणि हे पत्र तीच तुला देईल. वाटेत ती तुझ्याबद्दल काय काय बोलली असेल, ते मनावर घेऊ नकोस.

तिला खालून काही दाखवू नकोस, तुवेक. हात धरून बाजूला ने. थोरला सूर्य वर येईपर्यंत थांबव.

पोचलीस का, इमरू? हे तूही वाचशील, मला माहीत आहे. थंडी असेल तर बापाच्या झग्यात बस.

खालचे तीन शब्द मी आजवर कुणालाही लिहिलेले नाहीत. पेसोल म्हणतोय, नीट दाब, शाई फिकी उमटतेय.

लहान हातांची मिठी.
ओझेरा